गाडीच्या दारातले वडापावचे कागद

पत्र थोडक्यात असं: कर्वेनगरला राहणाऱ्या एका ताईंनी लिहिलं आहे. वय ४८, घरी आठवी ते दहावीच्या शिकवण्या घेतात. नवरा ५३ वर्षांचा, नोकरी हिंजवडीत. सकाळी पावणेआठला घराबाहेर, परत येईपर्यंत रात्रीचे साडेआठ. घरात ७९ वर्षांच्या सासूबाई, मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला. चार महिन्यांपूर्वी कंपनीच्या वार्षिक तपासणीत नवऱ्याचं एचबीए१सी ६.२ आलं, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबीही वाढलेली. "तसे हे बारीकच आहेत, फक्त पोट सुटलंय." त्या दिवसापासून ताईंनी घरातली साखर, भात आणि बटाटा बंद केला. सकाळी दुधीचा रस, डब्यात दोन पोळ्या आणि पालेभाजी, रात्री सूप. जिमची वर्षभराची फी भरली; नवरा अकरा दिवस गेला. परवा गाडी आतून पुसताना ड्रायव्हरच्या दाराच्या खणात वडापावचे कागद आणि बाकरवडीचं रिकामं पाकीट सापडलं. भांडण झालं. "तू मला पेशंट करून टाकलंयस," असं तो म्हणाला. तेव्हापासून जेवताना कोणी कोणाशी बोलत नाही. मुलगी फोनवर आईलाच रागावते, सासूबाई म्हणतात, "आमच्या वेळी कुठे होती ही थेरं?" ताई विचारतात: "माणसाला त्याच्याच भल्याची गोष्ट कशी पटवायची? की आता सोडून द्यायचं? मी स्वतः दिवसभर घरात पळतच असते, रात्री उरलंसुरलं खाऊन संपवते, मला काही झालेलं नाही. मग यांनाच का जमू नये?"

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा कागदांच्या जागी हसू आलं. रागावू नका. पुण्यातल्या गाड्यांच्या दारांचे खण एका रविवारी तपासायचे ठरवले तर किती संसार अडचणीत येतील! दुसऱ्यांदा वाचताना मात्र मी घड्याळ समोर ठेवलं. तुमचे मिस्टर दुपारी एकच्या सुमाराला डबा खात असतील. दोन पोळ्या आणि पालेभाजी. त्यानंतर थेट रात्री नऊला सूप. मध्ये आठ तास, आणि त्यातला शेवटचा दीडेक तास वाकड ते चांदणी चौक असा क्लच दाबण्यात. साडेसहा-सातला पोटात खड्डा पडलेला, काच खाली केली की तळणाचा वास. तिथे कोणी मटकीची उसळ विकत उभा नसतो.

तुम्हाला त्या कागदांत फसवणूक दिसली. मला भूक दिसली. म्हणून त्यांची इच्छाशक्ती कमी पडली की तुमची शिस्त, हा वाद मी बाजूलाच ठेवते. त्या डब्यावर आठ तास निघत नाहीत, एवढंच आहे हे.

पुढे जाण्याआधी तातडीची एक गोष्ट. दुधीचा रस बंद करा. दुधी कधीकधी आतून कडू निघतो, बाहेरून काही कळत नाही, आणि तो कडवटपणा विषारी असतो. कडू दुधीचा रस प्यायल्याने आपल्या देशात माणसं दगावलेली आहेत. 'औषध कडूच असतं' म्हणून नाक दाबून पिणाऱ्यांनाच धोका जास्त. दुधी चिरताना तुकडा जिभेला लावून बघा, कडू लागला तर अख्खा टाकून द्या, गोड असेल तर चण्याची डाळ घालून भाजी करा. डाळीमुळे पोटही भरेल.

आता रिपोर्ट. एचबीए१सी म्हणजे साधारण तीन महिन्यांच्या रक्तशर्करेची सरासरी. ५.७ च्या खाली ठीक, ६.५ आणि वर मधुमेह, मधला पट्टा उंबरठ्याचा. तुमचे मिस्टर उंबरठ्यावर उभे आहेत. घरात आलेले नाहीत, पण अंगणातही नाहीत. घरात मात्र दोनच सूर लागलेले दिसतात. तुमचा, की आजार झालाच. त्यांचा, की काही झालेलंच नाही. हा आकडा या दोन्हींच्या मधला आहे आणि खरं तर दिलासा देणारा आहे, कारण या टप्प्यावर काय उपयोगी पडतं हे नीट तपासून पाहिलेलं आहे. अशाच उंबरठ्यावरच्या लोकांवर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, तो २००२ साली प्रसिद्ध झाला. खाण्यात बदल, आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं आणि वजनात सातेक टक्के घट एवढं ध्येय ठेवलेल्या गटात तीनेक वर्षांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. चेन्नईतला आपल्या लोकांवरचा अभ्यास २००६ चा. तिथे फरक इतका मोठा नव्हता, २८ टक्क्यांच्या आसपास, पण मधुमेहाची गोळी घेणाऱ्या गटाइतकाच होता. दुधीचा रस आणि रात्रीचं सूप यांत कुठे नव्हतं.

एकाच तपासणीवर वर्षभराचा संसार उभा करू नका. डॉक्टरांना दाखवा, तपासणी पुन्हा करून घ्या. अंगात लोह कमी असलं तरी हा आकडा थोडा इकडेतिकडे होतो. आणि हे वाचणाऱ्या ज्यांच्या घरी मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन आधीच चालू आहे, त्यांनी जेवणाच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं. गोळी पोटात आणि जेवण नाही, तर साखर खाली घसरते.

"तसे बारीकच आहेत, फक्त पोट सुटलंय" हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत. मला ते पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. या 'फक्त'वर आपल्याच गावात आयुष्यभराचं काम झालं आहे. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याच्या आसपासच्या गावांतली नवजात बाळं मोजली. वजनाला हलकी, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त. २००४ साली त्यांनी आणि त्यांच्या एका ब्रिटिश सहकाऱ्याने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. ब्रिटिश डॉक्टरांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, आपल्या डॉक्टरांच्या २१.२. म्हणजे काटा सांगतो सगळं छान आहे, आणि पोटाच्या आत वेगळंच चाललेलं असतं. म्हणून वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप बरी. आपल्याकडच्या पुरुषांसाठी कमरेचा घेर ९० सेंटीमीटरच्या आत असावा, बायकांसाठी ८० च्या. टेप बेंबीच्या जरा वर, श्वास सोडून लावायची, पोट आत न ओढता. एका संध्याकाळी ती टेप तुम्ही दोघांनीही लावा. दोघांनी, असं मुद्दाम लिहिते आहे. त्याच्याकडे पुन्हा येते.

तुम्ही ताटातून तीन गोष्टी काढल्यात. त्यांच्या जागी काय ठेवलंत? पत्रात ते सापडत नाही. आपल्या जुन्या ताटाला डावी बाजू आणि उजवी बाजू असायची. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. गेल्या दोन पिढ्यांत डावी बाजू चमचाभर उरली, उजवीकडची उसळ सणावारी आली, आणि मधे पोळ्यांची चळत वाढली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं नव्याने काढली. त्यांच्या हिशोबात मोठ्या माणसाला दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं लागतात. तुमच्या तिघांच्या घराला रोज सव्वा किलो भाजी! आपल्याकडे पाव किलो भेंडीत चौघं जेवतात आणि ती पुरते, कारण तोंडी लावायलाच असते. बटाटा या सव्वा किलोत धरायचा नाही. डाळी-कडधान्यं माणशी ८५ ग्रॅम, म्हणजे कोरडी मोजली तर चांगली मूठ-दीड मूठ. धान्य मात्र २५० ग्रॅम चालतं, त्यात भातही आला. भात शत्रू नाहीच. भाताचा डोंगर आणि त्यावर पाण्यासारखं वरण, यातला डोंगर आणि पाणी हा गोंधळ आहे.

तेव्हा भात परत आणा, वाटीभर. वरण घट्ट करा. कोशिंबीर चमच्याची वाटीवर न्या: काकडी, गाजर, कोबी, मुळा, जे मंडईत स्वस्त असेल ते. पोळीऐवजी आठवड्यातून चार वेळा ज्वारीची भाकरी. सासूबाईंना थापायला सांगून बघा, 'थेरं' हा शब्द निम्मा कमी होईल. पोहे करता तेव्हा पोह्यांएवढेच मटार, गाजर आणि भरपूर दाणे घाला. आणि चतुर्थीची साबुदाण्याची खिचडी ही 'एकादशी अन् दुप्पट खाशी'तलीच, तो उपास हलका नसतो. डब्यात दोन पोळ्या राहू द्यात, पण सोबत उसळ किंवा घट्ट डाळ हवीच. दुसरा छोटा डबा संध्याकाळचा: फुटाणे आणि दाणे, नाहीतर उकडलेले चणे, एखादं पेरू-सफरचंद. पाचला, ऑफिसातून निघण्याआधी खायचा. घरातली साखर तुम्ही बंद केलीत, पण ऑफिसच्या मशीनच्या चहात ती आधीच पडलेली असते. चार कप म्हणजे सात-आठ चमचे. जागतिक आरोग्य संघटनेला वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असेल तर बरं वाटतं, आणि हे आठ चमचे तिच्या पुढे जातात. चहा दोन कपांवर आणणं भात सोडण्यापेक्षा सोपं आहे, आणि ते त्यांनी स्वतः ठरवायचं.

दिवसातून दोनदाच जेवा की दर दोन तासांनी थोडं खा, या वादात मी पडणार नाही. महाराष्ट्रात यावरून सोयरिकी मोडायच्या बाकी आहेत. दोन्ही पंथांतले ज्यांना गुण आला ते लोक मी जवळून पाहिलेत. सगळ्यांनी मधलं अरबट-चरबट सोडलं होतं आणि सगळे नियमाने चालत होते.

आता जिम. जिम वाईट नाही, पण पहाटे साडेपाचला उठून जिमला जा, मग पंचवीस किलोमीटर गाडी चालवा, मग दिवसभर खुर्चीत बसा, मग परत तेवढीच गाडी चालवा, हे अकरा दिवस तरी कसं जमलं याचं मला कौतुक वाटतं. ती फी तुम्ही त्यांना विचारून भरली होतीत का? पत्रात तसं दिसलं नाही. मोठ्या माणसांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं दम लागेल एवढी हालचाल हवी आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम. हालचाल एका वेळी सलग दहा मिनिटं तरी झाली पाहिजे अशी जुनी अट होती, ती आता काढून टाकली आहे; तुकड्यातुकड्यांनी झालेलंही मोजलं जातं. आपल्या आजोबांची शतपावली इथे कामाला येते, फक्त शंभर पावलांवर थांबायचं नाही. जेवणानंतर लगेच पंधरा मिनिटं चाललं की पायांचे स्नायू नुकतीच रक्तात आलेली साखर ओढून घेतात. बिल्डिंगभोवती पाच फेऱ्या मारा, कॅनॉलच्या कडेने जा, काहीही. तेवढ्या पंधरा मिनिटांत रिपोर्टचा विषय निघता कामा नये. ताणाच्या व्यायामालाही यंत्रं लागत नाहीत. खुर्चीत बसून हात न टेकता उठायचं, दहा वेळा. भिंतीला तळवे टेकून छाती भिंतीकडे न्यायची आणि परत, दहा वेळा. दोन-तीन फेऱ्या झाल्या की मांड्या बोलायला लागतात.

रविवारी टेकडी. तुम्हाला कोथरूडच्या बाजूने वेताळ टेकडी जवळ आहे. सिंहगडही चालेल, पण तिथे आपण पुणेकर स्वतःला छान फसवतो: घामाघूम होऊन वर जायचं, पिठलं-भाकरी, दोन प्लेट भजी, मडक्यातलं दही, आणि खाली उतरून आठवडाभराचा व्यायाम झाला म्हणायचं. मी हे बरीच वर्षं केलं आहे. सोमवार ते शनिवार पाय टेबलाखाली, आणि पाठीचं दुखणं मात्र गड चढल्यामुळे झालं अशी समजूत.

आता तुमच्याकडे येते. एवढ्या लांब पत्रात तुमच्याबद्दल एकच वाक्य आहे. घरात पळते, उरलंसुरलं संपवते, मला काही झालेलं नाही. ताई, काही झालेलं नाही हे तुम्हाला कसं कळलं? मिस्टरांचं कंपनीने तपासलं. शिकवण्या घेणाऱ्या बाईला कुठली कंपनी तपासायला बोलावते? तुम्ही ४८ च्या आहात. पाळी जाण्याच्या आसपास चरबी मांड्यांकडून पोटाकडे सरकते, हाडं झिजायला लागतात, स्नायू कमी होतात. घरकामात हालचाल होते हे खरं, झाडू-फरशीने दमही लागतो. पण ओट्याशी उभं राहून पाय सुजतात, बळकट होत नाहीत, आणि संध्याकाळचे तीन-चार तास तुम्ही मुलांसमोर बसूनच असता. सगळ्यांचं झाल्यावर साडेनऊला उभ्याने खाल्लेली उरलेली पोळी आणि पातेल्याच्या तळाची भाजी हे काही जेवण नव्हे. डाळ त्यात किती आली, फळ कधी आलं? मांसाहार करत नसाल तर ब१२ जीवनसत्त्व आणि हिमोग्लोबिन तपासून घ्याच. शाकाहारी घरांत ब१२ ची कमतरता फार आढळते आणि हातापायांना मुंग्या आल्या की आपण त्याला दमणूक म्हणतो.

हे तुम्हाला आणखी एक काम लावायला लिहीत नाहीये. "यांनाच का जमू नये" असं तुम्ही विचारलंत, पण जे त्यांनी करावं असं तुम्हाला वाटतं ते घरात कोणीच करत नाही. एक जण पथ्यावर, दुसरी पहाऱ्यावर. "पेशंट करून टाकलंयस" यात तेच बोचलेलं असणार. एकाच्या वाटीत सूप आणि बाकीच्यांच्या ताटात जेवण, असं चार महिने चाललं तर कोणालाही हॉस्पिटलमध्ये बसल्यासारखंच वाटेल. सगळ्यांचं ताट एकच करा आणि त्या ताटावर तुम्हीही वेळेवर बसा, गरम जेवा. सासूबाईंचं तेवढं वेगळं. त्यांच्या वयात वजन कमी करायचं नसतं, टिकवायचं असतं. त्यांचा भात काढू नका, वरण-दूध वाढवा. आणि ओट्याला धरून एका पायावर दहा सेकंद उभं राहायची सवय लावा, कोणीतरी शेजारी असताना. या वयात पडणं फार महाग जातं. बाकी 'आमच्या वेळी' हा त्यांचा मुद्दा अगदीच खोटा नाही. त्यांच्या वेळी पाणी भरणं आणि दळण आणणं यातच सगळ्यांचे दीडशे मिनिटं पहिल्या दोन दिवसांत होत असतील.

भांडणाचं काय करायचं? कागदांचा विषय तुम्हीच काढा, पण वेगळ्या तोंडाने. "डबा तुम्हाला पुरत नव्हता हे माझ्या लक्षात आलं नाही. संध्याकाळसाठी काय देऊ?" एवढंच. उत्तर येईपर्यंत गप्प बसा. हे सगळ्यात अवघड आहे, शिकवणाऱ्यांना तर फारच. काय बदलायचं त्यातली एक गोष्ट त्यांना निवडू द्या. चहा असेल, शतपावली असेल, नाहीतर पार्किंग लांब करून चालत जाणं असेल. त्यांनी निवडलेली गोष्ट तुम्हाला किरकोळ वाटेल. वाटू द्या. आठवड्यातून एकदा वडापाव दोघांनी मिळून, उघड, बसून खा. मुलीला फोनवर साखरेचे आकडे सांगणं थांबवा. ते सांगायचे की नाही हे ज्यांचे आकडे आहेत त्यांच्यावर.

सोडून द्यायचं का, असं विचारलंत. पहारा सोडा. त्यांच्या तोंडात काय जातं त्याची जबाबदारी ५३ वर्षांच्या माणसाचीच आहे. स्वयंपाकघरात काय शिजतं आणि तुमच्या ताटात काय येतं, एवढंच तुमच्या हातात. तीन-चार महिन्यांनी दोघांचीही तपासणी करा, एकाच दिवशी, एकाच लॅबमध्ये. त्यांचा आकडा खाली आला तर उत्तम. तिथेच राहिला किंवा साडेसहाच्या वर गेला तर डॉक्टर काय ते ठरवतील, गोळी सुरू झाली तर होईल. त्यात तुमची किंवा कोशिंबिरीची हार नाही. याज्ञिकांनी मोजलेल्या त्या बाळांत पाहिलंत तसं काही गोष्टी आपण जन्मालाच घेऊन येतो.

तुमचा रिपोर्ट आला की मला कळवा. त्यांचा नको, तुमचा. आणि गाडीच्या दाराचा खण यापुढे त्यांचा त्यांना साफ करू द्या.